कोपऱ्यातला ठिपका

घराचा लोखंडी जिना, बायकोचं शिलाईचं टेबल, गच्चीवरचा मिरच्या वाळवायचा सोलर पेटारा... सगळं मी स्वतःच्या हाताने केलंय. बारावीनंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. आणि या महिन्यात कारखान्यातल्या माणसांचा नकाशाही केला!

शहाद्याजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही बारा जण. कामात जवळचा कोण, लांबचा कोण, असा प्रत्येकाने बाकीच्यांना क्रम लावायचा. त्यावरून कॉम्प्युटर ठिपके मांडतो... जवळची माणसं जवळ, लांबची लांब. याला मल्टीडायमेन्शनल स्केलिंग म्हणतात. व्हिडिओ बघून शिकलो.

लेथ मशीनवरचे रशीदभाई पार कोपऱ्यात गेले. "मन्हा ठिपका कोपरामा कसा काय टाकी दिना, आप्पा?"

स्टोअरच्या सुनंदाताई लगेच म्हणाल्या, "तुन्हं लगीन त्या लेथसंगे लागेल शे ना!" सगळे हसले.

शेठ मात्र हसले नाहीत. हा माणूस कोणाच्यात नाही, तर याला म्हसावदच्या युनिटला पाठवू, म्हणाले. रशीदभाईंचा चेहरा उतरला... घरी अंथरुणाला खिळलेली आई. आणि हे माझ्या नकाशामुळे!

मग मी सगळ्यांकडे दुसरा क्रम मागितला. घरी अडचण आली तर आधी फोन कोणाला? नकाशा निघाला तो पहिल्याशी कुठेच जुळेना. लोक खोटं बोलले, असंच वाटलं मला.

दोन दिवसांनी डोक्यात आलं... या नकाशाला उजवं-डावं नसतंच, खरं असतं ते फक्त अंतर. दुसरा नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवला, पेपर उलटा केला, थोडा फिरवला. अकरा ठिपके जवळजवळ एकमेकांवर बसले!

बारावा बसला नाही. रशीदभाई कोपऱ्यातून उठून बरोबर मधोमध आले होते. बरोबरच आहे... कोणाच्या घरी दुखणं आलं की चिंचपाड्याच्या दवाखान्यापर्यंत सोबत जाणारा हाच माणूस. लेथ वेगळ्या शेडमध्ये आहे, एवढाच काय तो दुरावा.

शेठनी दोन्ही कागद उजेडात धरले, बराच वेळ पाहिले. "रशीदभाई, तुम्ही इथंच राहा." सुनंदाताईंनी डोळ्याला पदर लावला.

मग शेठनी मला बाजूला घेतलं. "आप्पा, चारही युनिटचे नकाशे करा. कोणाला कुठे हलवायचं ते ठरवण्याआधी, कोण कोणाला धरून आहे ते आपल्याला कळलं पाहिजे."

माणसांनी मनातलं सांगितलं ते माझ्या भरवशावर... शेठ चाळीस हजार देत होते. मी नाही म्हणालो.