तीन झाडं, एक कवळी आणि पुण्याचं भाडं

मध्य प्रदेशातल्या सौसरला मी एका कामगिरीवर निघाले होते. माझ्या नवऱ्याचा धाकटा चुलतभाऊ प्रकाश तिथे राहतो. संक्रांतीच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला. ‘‘वहिनी, पोट्टी पुण्याले जातो म्हणून राह्यली. तुम्हीच या अन् समजावा तिले. पुण्याचं तुमच्याइतकं वाईट कोणी बोलत नाही.’’

हे अगदी खरं होतं. गेली अकरा वर्षं, म्हणजे आम्ही गाव सोडून पुण्याला आल्यापासून, मी त्याला प्रत्येक फोनवर पुण्याचं रडगाणं ऐकवत आले आहे. घरभाडं, पाण्याचे टँकर, गाडी लावायला जागा नाही, कोथिंबिरीची जुडी घ्यायची तर आधी विचार करावा लागतो. त्यामुळे मी मोठ्या खुशीत हो म्हटलं. फुकटचा सल्ला द्यायला मी कुठेही जाते.

नागपूरला गाडी बदलून पांढुर्ण्याला उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ऊन कोवळं, हवेत गारवा आणि पाट्या हिंदीत. पाट्यांखालची माणसं मात्र मराठीत भांडत होती, त्यामुळे परप्रांतात आल्यासारखं काही वाटलं नाही. मला घ्यायला आली होती ती पोट्टीच, म्हणजे प्रकाशची मुलगी प्रणाली. वय तेवीस, अंगाने काटकुळी, डोळ्यांवर जाड चष्मा. माझी बॅग तिने माझ्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतली.

‘‘मोठी आई, पहिले नाष्टा करू. सौसरची बस अर्ध्या घंट्यानं आहे.’’ (इकडे थोरल्या काकूला मोठी आई म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं की उगाच जबाबदार वाटायला लागतं.)

स्टेशनबाहेर गरम आलुबोंडे खाल्ले. बसची वाट पाहताना तिने जाम नदीचं पात्र दाखवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार होते. अलीकडचे पांढुर्ण्याचे आणि पलीकडचे सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. आता तिथे चार म्हशी निवांत डुंबत होत्या. ‘‘एवढ्या गर्दीत दगड कोणी मारला ते कसं कळणार?’’ मी विचारलं.

‘‘सारं मालूम असते,’’ ती हसली. ‘‘कोणाचा गोटा कोणाच्या डोक्याले लागला, सारं. इथं काहीच लपत नाही.’’

बसमध्ये मी कामाला लागले. पुण्यात एका खोलीत तीन मुली राहतात, अर्धा पगार भाड्यात जातो, उरलेला जाण्यायेण्यात. प्रणाली खिडकीबाहेरचे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या बघत ऐकत होती. माझं भाषण संपल्यावर तिने एकच विचारलं. ‘‘मंग तुम्ही काहून नाही आल्या वापस?’’

मी म्हटलं, तुझ्या काकांची नोकरी आहे ना. उत्तर खोटं नव्हतं, पण ते मलाच जरा तोकडं वाटलं.

प्रणाली दात बनवते. नागपूरला तो अभ्यासक्रम करून आली आणि सौसरच्या एका दातांच्या दवाखान्यात कवळ्या तयार करते. पुण्यातल्या एका मोठ्या दातांच्या कारखान्यातून तिला बोलावणं आलं होतं. तिथे चिनी मातीचे सुटे दात करतात, समोरचे, प्रत्येकाच्या रंगाचे. ‘‘इथं सारे बुढे येतात, साऱ्यायले एकाच रंगाची कवळी,’’ ती म्हणाली. ‘‘मले असा दात करायचा आहे, का तो बनवलेला आहे हे त्याच्या बायकोलेही समजू नये.’’ इतकी स्पष्ट इच्छा मी बऱ्याच दिवसांत कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

सौसरच्या घरी प्रकाशची बायको वंदना दारात उभी होती. शांत, कमी बोलणारी बाई. जेवायला सोले-वांग्याची भाजी (सोले म्हणजे तुरीचे हिरवे दाणे), ज्वारीची भाकर आणि ठेचा. मी इतकी जेवले की प्रकाशने विचारलं, पुण्यात जेवण भेटते ना? जेवताना शेजारचे वामनकाका डोकावले. हसतमुख माणूस. मी नमस्कार केला, त्यांनी हसून घेतला. मग ते गंभीर चेहऱ्याने कुणाच्या तरी आजारपणाबद्दल बोलू लागले, तरी तोंड हसतच राहिलं.

ते गेल्यावर प्रणालीने कपाळाला हात लावला. ‘‘माही पहिली कवळी. समोरचे दात बाहेर आले थोडेसे. मयतीत गेले तरी हसल्यासारखे दिसतात. दुसरी करून देतो म्हटलं तं ऐकत नाहीत, सवय झाली म्हणतात. साऱ्या सौसरले मालूम आहे, प्रणालीचे दात म्हणून.’’

मी पोट धरून हसले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनाबरोबर रामाकोन्याकडच्या त्यांच्या बगीच्यात गेले. इकडे संत्र्याच्या शेताला बगीचाच म्हणतात. ती बांधावरच्या तुरीच्या शेंगा तोडायला लांब गेली आणि मी झाडांतून फिरू लागले. काय सांगू, माझं काळीज हललं. पानं वळलेली, निस्तेज, फांद्या मरगळलेल्या, जमिनीला भेगा. आणि पंधरा पावलांवर विहीर काठोकाठ! विहिरीजवळ मोटरची पेटी, पेटीला हिरवं बटण, शेजारी गुंडाळलेला पाइप. पुण्यात टँकरवाल्याची मनधरणी करणाऱ्या बाईपुढे भरलेली विहीर आणि तहानलेली झाडं एकदम आली, तर ती काय करणार? मी बटण दाबलं. तीन झाडांची आळी मी अगदी मायेने भरली. चौथ्याकडे वळत होते तेवढ्यात वंदना पदर सांभाळत धावत आली.

‘‘ताई, बंद करा! बंद करा! बगीचा ताणावर आहे!’’

तिने मोटर बंद केली, मग दम खात समजावलं. थंडीत संत्र्याचं पाणी मुद्दाम तोडतात. त्याला ताण म्हणतात. झाड महिना-दीड महिना तहानलं की मग पाणी द्यायचं, आणि मग ते फुलांनी भरून येतं. मध्येच पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटते, फूल नाही. म्हणजे मी ज्या तीन झाडांवर उपकार केले, त्यांचा या वर्षीचा बहर मी घालवला होता.

‘‘आणि जास्त ताण बसला तर?’’ मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन विचारलं.

‘‘तं झाड वाळते. मोजून द्या लागते ताण.’’

प्रकाशला सांगितलं तेव्हा त्याने ओठ आवळून हसू दाबलं. ‘‘तीन गेले तं गेले, वहिनी. तुम्ही पाहुण्या आहात.’’ त्याने इतक्या सहज सोडून दिल्यावर मला आणखीच वाईट वाटलं.

खरी गंमत संध्याकाळी. सौसरच्या बाजारात वाणासाठी छोट्या वाट्या घ्यायला गेले, तर दुकानदारीण माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, ‘‘ताणावरच्या झाडायले पाणी देलं त्या तुम्हीच काय?’’ भाजीवालीने चार मिरच्या जास्त टाकल्या आणि म्हणाली, ‘‘होते असं, बाई. शहरातल्या लोकायले काय माहीत.’’ दुसऱ्या दिवशी बोरगावला एका नातेवाइकांकडे हळदीकुंकवाला गेलो, तर बसचा वाहक तिकीट देताना प्रणालीला म्हणाला, ‘‘याच का त्या पाणीवाल्या?’’ सगळे प्रेमाने विचारत होते, हसून विचारत होते. मीही पहिल्या तीन वेळा हसले. आठव्या वेळी मला पुण्याची आठवण आली, आणि चक्क बरी आठवण आली.

परतायच्या आदल्या दिवशी सगळे जामसांवलीला गेलो. इथला हनुमान आडवा पहुडलेला आहे. दर्शन झाल्यावर आवारापलीकडच्या झाडाखाली प्रकाशने रोडग्यांचा बेत मांडला. कणकेचे हे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून वर तूप ओतायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. वामनकाकाही होते. कडक रोडगा त्यांनी कडाकडा खाल्ला, म्हणजे कवळी दिसायला कशीही असो, मजबूत होती.

दुसरं वाढप सुरू झालं आणि प्रकाशने विषय काढला. ‘‘सांगा वहिनी, आता साऱ्यायच्या समोर सांगा. पुणं परवडते का?’’

प्रणालीच्या हातातला भाजीचा डाव थांबला. तिला पंधरा दिवसांत तिकडे रुजू व्हायचं होतं, आणि बाप नाही म्हणाला तर ती जाणार नव्हती. मी काय बोलते त्यावर तिचं जाणं होतं.

‘‘नाही परवडत,’’ मी म्हटलं. प्रकाशने मान डोलावली. ‘‘एक पैसा उरत नाही, भाऊजी. पण खरं सांगू? तिथे गेल्यावर मी फराळाचा धंदा काढला, तो बुडाला. मग ब्लाउज शिवायला घेतले, तेही बुडालं. चाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकताना रोज खाली अंगणात पडत होते. एकाही माणसाने मला त्याबद्दल काही विचारलं नाही. तिसऱ्यांदा पडदे शिवायला घेतले, ते चाललं. इथे असते तर दुसऱ्या धंद्याची हिंमत झाली नसती. मी तीन झाडांना पाणी घातलं ते बोरगावच्या बसला कळलं! प्रणालीला चांगला दात करायला आधी शंभर बिघडवावे लागतील. ते इथे बिघडवले तर शंभर वर्षं गावात हिंडतील.’’

वामनकाका हसत होते. खरंच हसत होते की कसे, कोण जाणे. मग ते म्हणाले, ‘‘जाऊ दे, प्रकाश, पोरीले. मी एकटा पुरे आहो नमुना म्हणून.’’

यावर मात्र प्रणालीसकट सगळे हसत सुटले. प्रकाश हसला, पण लगेच तूप संपल्याचं निमित्त करून उठला. त्याचे डोळे भरले होते. ते मी पाहिलं आणि मला माझाच राग आला. मला बोलावलं कशासाठी आणि मी केलं काय! तेव्हा वंदना बोलली. चार दिवसांत तिचं एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

‘‘जाऊ द्या तिले. दोन वर्सं. ताण मोजून द्या लागते, तुम्हीच सांगता ना मजुरायले. दोन वर्सानं तिनं सांगावं, तिथं रायते का इथं येते.’’ मग माझ्या पानात रोडगा टाकत तिने सहज विचारलं, ‘‘तुमचे किती झाले, ताई?’’

अकरा. मी भाजी छान झाली आहे म्हणाले.

येताना गाडीत तो प्रश्न माझ्यासोबत नागपूर, वर्धा, भुसावळ करत आला. मोठं शहर परवडतं का, याचा हिशेब मी इतकी वर्षं भाड्याच्या पावतीवरून करत होते. आपण तिथे काय शिकलो आणि ते शिकून झाल्यावरही का थांबलो, हे स्वतःला विचारलंच नव्हतं. पहिल्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे. दुसऱ्याचं शोधायला बसायला हवं, आणि नवऱ्यालाही बसवायला हवं.

प्रणाली फेब्रुवारीत आली. माझ्याकडे राहा म्हटलं तर नको म्हणाली, मुलींबरोबर खोली घेतली. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. ‘‘मोठी आई, सहा दात बिघडवले. कोणीच काही बोललं नाही.’’

‘‘मग चांगलं झालं की!’’

‘‘हो,’’ ती म्हणाली आणि थोडी थांबली. ‘‘पण खरंच कोणीच काही बोललं नाही. मले रडू आलं.’’

मी शिवणाचं मशीन बंद केलं, बस पकडली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या खोलीवर गेले. तिने डबी उघडून सहाही दात पलंगावर ओळीने मांडले. मी चष्मा लावून एकेक उचलून पाहिला. चौथा फारच वाईट होता. तसं मी तिला तोंडावर सांगितलं, आणि तेव्हा कुठे तिला हसू आलं.