इबेरियनांच्या बाई

बाई जी भाषा खणखणीत आवाजात वाचायच्या, तिचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. जगात कुणालाच ठाऊक नाही. "नेइतिन युन्स्तिर," त्या म्हणायच्या आणि मुलं श्वास रोखून बसायची. "दोन हजार वर्षांपूर्वी स्पेनच्या किनाऱ्यावर इबेरियन लोक हे लिहीत होते. नमस्कार असेल, देवाचं नाव असेल. उच्चार उरला, अर्थ गेला."

बाई वसईच्या, कॅथलिक. इतिहासाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन आखातात, ऊद मेथ्याला मुलाकडे, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. शनिवारी आमच्या हॉलमध्ये बिल्डिंगमधल्या मुलांना मराठी शिकवायच्या. पण गाडी हमखास इबेरियनांकडे वळायची.

एकदा त्यांनी सगळ्यांना देऱ्याच्या खाडीवर नेलं. गलबतांवर फ्रिज, टायर, पोती चढत होती. "असेच फिनिशियन यायचे, ग्रीक यायचे," बाई म्हणाल्या. "तेल, दारू, मडकी उतरवायचे आणि जाताना अक्षरं ठेवून जायचे. इबेरियनांनी ती आपल्या जिभेला बेतून घेतली. मग डोंगरापलीकडच्या केल्टिबेरियनांनी ती इबेरियनांकडून उचलली."

"आणि भांडणं?" मी चिडवलं.

"शेजारी होते रे! पार्किंगवरून तू करतोस तेवढी तरी करत असणारच."

मी थक्क झालो तो पुढचं ऐकून. अक्षरं तीच, पण केल्टिबेरियनांचं लिखाण बरंचसं समजतं, आणि ज्यांच्याकडून त्यांनी अक्षरं घेतली त्यांचं नाही. का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "केल्टिबेरियन म्हणजे केल्टच. त्यांचे भाऊबंद अजून बोलतात, आयर्लंडात, वेल्समध्ये. इबेरियनांचं ओळख पटेल असं कुणी उरलं नाही."

बाईंच्या घरीही तेच चाललं होतं. नवरा गेला आणि घरातली वसईची सामवेदी बोली थांबली. मुलगा हिंदी-इंग्रजीत, नातू नुसत्या इंग्रजीत. रोज संध्याकाळी वसईच्या बहिणीला फोन लावून बाई तेवढं बोलून घ्यायच्या. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ मी कधी विचारला नाही. माझी लेक मला इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि मी "यल्ला, गाडीत बस" म्हणून सोडून द्यायचो. दुसऱ्याच्या बोलीची चौकशी कुठल्या तोंडाने करणार?

मग ती बहीण वारली. त्या शनिवारी वर्ग होणार नाही असं मी धरून चाललो होतो. बाई आल्या, फळा पुसला आणि सामवेदीत बोलायला लागल्या. मुलं बघतच राहिली.

"याचा अर्थ मला येतो," त्या मराठीत म्हणाल्या. "मी आहे तोवर विचारून घ्या. काहीही विचारा."

कुणी मीठ विचारलं, कुणी मांजर. माझ्या लेकीला बाईंची बहीण वारल्याचं माहीत नव्हतं. ती म्हणाली, "टीचर, हाऊ डू यू से सिस्टर?"

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग शब्द सांगितला. लेकीने म्हणून बघितला.

"चुकलं. परत."

मागे सोफ्यावर मीही तो पुटपुटलो. बाईंनी मान वर केली.

"तुझंही चुकलं. ये, इथे पुढे येऊन बस."