खिडक्यांचा वेळू

तो वेळू मीच निवडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी हेडमास्तरांवर भरपूर तोंडसुख घेणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की सगळा दोष त्या माणसाचा. तसं नव्हतं.

धाराशिवला, म्हणजे कागदोपत्री उस्मानाबादला, मी ज्या शाळेत लागलो ती निजामाच्या काळातल्या एका अदालतीत भरायची. राज्य गेलं, अदालत दुसरीकडं हलली आणि ती दगडी इमारत शाळेच्या गळ्यात पडली. मोठ्या दालनाला खाली एकही खिडकी नव्हती. होती ती वर, पार छताखाली, अडीच पुरुष उंचीवर, काचेची सहा रोशनदानं. आरोपीला बाहेरचं झाड दिसू नये म्हणून तसं बांधलं होतं की काय, देव जाणे. वीज अजून आमच्या रस्त्यापर्यंत आली नव्हती. त्या सहा काचांतून जो काय उजेड उतरेल त्यावर साठ पोरांनी फळा वाचायचा. आणि मागं तेलाचा घाणा नि कुंभाराची भट्टी. महिना गेला की काचांवर धूर, धूळ आणि कबुतरांची घाण असा थर बसायचा, की दुपारी दोनला मागच्या ओळीतली पोरं उठून पुढं येऊन उभी राहायची.

त्या काचा धुणं हे मामांचं काम. मामा म्हणजे शाळेचे शिपाई. अदालतीच्या काळात ते तिथंच फर्राश होते, जाजमं अंथरायचे, झाडलोट करायचे. इमारतीबरोबर तेही शाळेकडं आले. जात धनगराची, गाव बेंबळी. तरणेपणी मेंढरं राखलेली. वय कागदावर त्रेपन्न होतं, खरं त्यांनाही माहीत नव्हतं. आम्ही सगळे मास्तर त्यांना मामा म्हणायचो आणि तुम्ही म्हणायचो. हेडमास्तर सोडून.

हेडमास्तर पुण्याकडचे. विलीनीकरणानंतर आमच्याकडं असे पुष्कळ आले. आम्हाला काहीच येत नाही, आम्ही उर्दूत जमाखर्च लिहिणारे अडाणी, हे मनाशी पक्कं करूनच ते मोटारीतून उतरायचे. आमच्या हेडमास्तरांना 'लई' हा शब्द ऐकला की दातात खडा आल्यासारखं व्हायचं. पण माणूस कामाचा होता, हेही सांगायला पाहिजे. वेळेवर यायचे, वेळेवर जायचे, आणि आपल्या सहीशिवाय पान हलू द्यायचे नाहीत.

पावसाळा संपता संपता मामा शिडीवरून पडले. काचा धुतानाच पडले. खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांधलं, दोन महिन्यांनी मामा कामावर आले, पण एक पाय आखूड झाला. जमिनीवर ते लंगडत का होईना सगळं करायचे. घंटा, पाणी, झाडलोट, कशात कमी नाही. शिडी मात्र बंद. पहिल्या पायरीवर पाय ठेवला की अंगाला कापरं सुटायचं.

हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, "शाळेला शिपाई हवा आहे, आजारी माणूस नको. वरच्या काचा ज्याला स्वच्छ करता येतील तो त्या जागेवर राहील. तपासणीच्या आधी काय ते ठरवू." बोलणी मामांबद्दल, ऐकवली मला. का, तर मी इथला. इथल्या माणसाला इथल्या माणसानं सांगितलं म्हणजे बरं दिसतं.

मी मामांना सांगितलं. मामा तंबाखू मळत होते, ते मळतच राहिले. मग म्हणाले, "मास्तर, मला शिडीची गरजच न्हाय. खालून धुतो."

त्यांनी ते सगळं आधीच डोक्यात बसवून ठेवलेलं होतं. हिवतापाची फवारणी करणारी माणसं गावोगाव फिरायची, त्यांचा एक हातपंप शाळेच्या कोठीत पडून होता. बादलीत उभा करायचा आणि हापसायचा, की रबरी नळीतून पाण्याची धार लागायची. मामांनी त्याचा वायसर चांभाराकडून करून आणला होता. म्हणाले, नळी लांब वेळूला बांधायची, शेंड्याला काथ्याचा कुंचा, नळीचं तोंड कुंच्यात. एकानं खाली पंप हापसायचा, एकानं वेळू धरून घासायचं. "शेरडा-मेंढरांना बाभळीच्या शेंगा पाडायला आमी जल्मभर आकडीच चालवली. वर बघून हात चालवायचं काम मला नवं न्हाय. वेळू तेवढा बेताचा पायजे."

हेडमास्तरांनी ऐकून घेतलं आणि, खोटं कशाला बोलू, परवानगी दिली. फक्त मला म्हणाले, "बांबू तुम्ही स्वतः पाहून घ्या. सरळ आणि मजबूत. तपासणीचे साहेब पाहणार आहेत, काहीतरी गबाळं आणू नका." तेव्हा मी नोकरीत कायम झालेलो नव्हतो. त्यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द मी खाली पडू न देता झेलत असे.

बुरूड गल्लीत एक म्हातारी मावशी वेळू विकायची. बार्शीकडून गाडी आली की तिच्या दारात भारे उभे राहायचे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि मामा गेलो. मला वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. मामांनी दोन तास लावले.

ते प्रत्येक वेळू पेरापेरावर बोटानं वाजवून बघायचे. मावशीला विचारायचे, हा कुठल्या पाखात, म्हणजे चंद्राच्या कुठल्या पंधरवड्यात तोडला. उजेड्या पाखात तोडलेल्याला भुंगा लागतो म्हणून तो बाजूला. मग उरलेल्यांतला एकेक बुडाकडून काखेत धरायचे, समोर आडवा करायचे आणि तसेच लंगडत गल्लीतून वीस पावलं चालून यायचे. ही धनगरांची रीत. वीस पावलांत शेंडा भुईला लागला, की तो वेळू आपल्या हाताचा नाही, सोडून द्यायचा. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. मास्तर असून मी एका लंगड्या शिपायामागं उन्हात उभा, याची मला लाज वाटत होती. वाटली, ती लिहितो.

शेवटी त्यांनी एक पसंत केला. दहा हात लांब, पोकळ, करंगळीवर तोलावा असा हलका, आणि मधे चांगला बाक आलेला.

"हा वाकडा आहे," मी म्हणालो.

"व्हय. म्हणूनच घ्यायचा. बाक वरच्या अंगाला धरायचा. नळीचं, पाण्याचं वजन पडलं की ह्यो सरळ व्हतो. जो आत्ता सरळ हाय, तो मग खाली वाकतो."

मावशीनंही मान डोलावली. मला ते कळलं होतं. कळलं नाही म्हणायची सोय नाही, चौथीच्या पोराला कळेल असं ते होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं हेडमास्तरांचा चेहरा आला. वाकडा बांबू बघून ते एका भुवईनं जे काय म्हणाले असते ते मला आधीच ऐकू आलं. भिंतीला एक दुसरा वेळू उभा होता. भरीव, पिवळाधमक, दोरी लावल्यासारखा सरळ. मी तो घेतला.

मामांनी तो काखेत धरला. अकराव्या पावलाला शेंडा भुईला लागला. ते परत आले आणि माझ्याकडं बघत राहिले. वाद घातला नाही. फर्राश होते ते, वरच्याशी वाद घालायचा नसतो हे अंगात मुरलेलं.

"सवयीनं जमेल मामा," मी म्हणालो. असली वाक्यं मास्तरांना फुकट येतात.

आता पंप हापसायला माणूस पाहिजे होता. मी म्हणालो, माझा धाकटा भाऊ येईल. माझा भाऊ मॅट्रिकला दोनदा नापास होऊन घरी बसलेला होता. आई रोज जेवताना माझ्या ताटाकडं बघून म्हणायची, "त्याचं काहीतरी बघ की रे. तू सरकारदरबारी आहेस." शाळेतला हंगामी मास्तर म्हणजे सरकारदरबार. त्याला शाळेत नेताना माझ्या मनात काय होतं? नुसता पंप हापसायला नेला, असं मी चाळीस वर्षं स्वतःला सांगत आलो. शपथ मात्र मला घेता येणार नाही.

सोमवारी दुपारी पोरांना पटांगणात काढलं. हेडमास्तर दालनाच्या मधोमध हात मागं बांधून उभे. भावानं पंप हापसायला सुरुवात केली. मामांनी वेळू उचलला. कोरडा असताना उचलला गेला. नळीत पाणी चढलं, काथ्याचा कुंचा भिजला, आणि शेंडा हळूहळू खाली यायला लागला. मामांनी चांगला पाय पुढं रोवला. पण तोल आखूड पायावर गेला. मानेच्या शिरा फुगल्या. तरी त्यांनी पहिली काच धुतली. ती स्वच्छ झाली, उजेडाचा एक पट्टा खाली फरशीवर पडला, मी पाहिला. दुसऱ्या काचेला वेळू उचलताना शेंडा घसरला आणि काचेवर बसला. काच फुटून खाली आली.

पाणी भिंतीवरून ओघळत होतं. भावानं पंप सोडला, धावत जाऊन मामांच्या हातातला वेळू धरला. मदत म्हणूनच धरला, त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं, त्या पोराच्या मनात कधीच काही नसायचं. वीस वर्षांचा गडी. त्यानं तो उचलला, आणि मी पंपावर बसलो, आणि त्यानं उरलेल्या चारही काचा धुऊन काढल्या.

"हा कोण?" हेडमास्तरांनी विचारलं.

"माझा धाकटा भाऊ, सर."

"याला जमतंय की."

मी तिथं बोलायला पाहिजे होतं. सर, वेळू चुकला. मामांनी निवडलेला दुसरा होता, तो अजून बुरूड गल्लीत आहे, अर्ध्या तासात आणतो. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? मामा माझ्याकडं बघत होते. ते रागानं बघत असते तर बरं झालं असतं. ते वाट बघत होते. मी बोलेन अशी त्यांना खात्री होती.

मी पंपातलं उरलेलं पाणी बादलीत काढलं.

आठवड्यात मामांना नारळ मिळाला. हेडमास्तरांनी अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घेतला, प्रकृतीच्या कारणास्तव. लिहिला माझ्या अक्षरात. मामांनी अंगठा दिला. आणि पुढच्या महिन्यात माझा भाऊ त्या जागेवर लागला. आईनं तुळजापूरला जाऊन देवीची ओटी भरली. मला प्रसाद दिला, तो मी खाल्ला.

तपासणीचे साहेब आले, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. पुढं भावानं दोनेक वेळा काचा धुतल्या, मग कंटाळा केला. मी त्याला काय बोलणार? काचा पुन्हा काळ्या झाल्या आणि मी त्याच अंधारात भूगोल शिकवत राहिलो. तो पिवळाधमक वेळू झेंडावंदनाला कामी आला. दर सव्वीस जानेवारीला मी त्याच्यापुढं ताठ उभा राहायचो आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायचो.

सहासात वर्षांनी निवडणुकीच्या कामावर बेंबळीला गेलो. मतदार याद्या घेऊन घरोघर फिरत होतो. ओढ्याकाठी बाभळीखाली मामा दिसले. पार वाळलेले. चारपाच शेरडं होती आणि हातात आकडी. त्यांनी मला लांबूनच ओळखलं.

"मास्तर, कवा आलात? सावलीत या."

मी गेलो. माझं लक्ष आकडीकडं गेलं. दहा हातांचा पोकळ वेळू, मधे बाक. हाताळून हाताळून तपकिरी झालेला. त्यांच्या ध्यानात आलं.

"त्योच ह्यो. मावशीनं तसाच दिला. म्हनली, ह्यो तुमच्याच हाताचा हाय, घेऊन जा." मग त्यांनी तो माझ्यापुढं केला. "बघा तर खरं उचलून."

मी एका हातानं उचलला. शेंड्याला लोखंडी आकडा होता, आकड्यात शेंगांची डहाळी अडकलेली होती, तरी तो एका हातानं वर गेला. वर गेला आणि सरळ झाला. बुरूड गल्लीतल्या त्या दोन तासांत त्यांनी मला जे सांगितलं होतं ते सगळं माझ्या मनगटाला कळलं.

मामा पायाखालच्या शेंगा गोळा करत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "भाऊ बरा हाय नव्हं? कायम झाला का जागेवर?"

"झाला," मी म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले. आणि वेळू परत घ्यायला हात पुढं केला.