जेवणानंतरचा अर्धा तास

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झालीत. खोलीत माणसं दोन आहेत, उशा चार, दोनशेपानी वह्या सात, मोबाइल एक आणि शाळेत असतानाची पारदर्शक पट्टी एक. संयोगिताच्या वडिलांच्या, आण्णांच्या, माकडहाडावर लाल डाग आहे, तोही एकच: आडवा दोन सेंटीमीटर, उभा दीड. अंगठ्यानं दाबला की पांढरा पडतो. पांढरा पडतोय तोवर काळजी नाही, असं नर्सबाईंनी तिला सांगून ठेवलंय.

जेवण झालं की आण्णांना अर्धा तास उशांना टेकवून बसवायचं, नाहीतर घास वर येतो आणि ठसका लागतो. अर्ध्या तासाच्या वर मात्र बसवायचं नाही, कारण मग अंगाचा सगळा भार त्या डागावर येतो. म्हणजे दोन चाळीसला त्यांना कुशीवर वळवायचं. वळवायला संयोगिताला अकरा मिनिटं लागतात. तिची बोटं सोळाव्या वर्षापासून संधिवातानं वाकत गेलीत. त्यामुळे ती आण्णांच्या अंगाखालची घडीची चादर मनगटाला गुंडाळते आणि कोपरांच्या जोरावर ओढते. ही युक्ती आईची. आईला जाऊन सात महिने झाले.

हा अर्धा तास संयोगिताचा. दिवसभरात तेवढाच तिचा. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यापासून ती दगडफुलावर पुस्तक लिहितेय, तेच मसाल्यात पडणारं, खडकांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारं दगडफूल. पुस्तक शेवटच्या प्रकरणाशी अडलंय. प्रकाशकांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय. त्यानंतर पुस्तक यंदाच्या यादीतून जाईल, आणि पुढच्या वर्षीच्या यादीबद्दल ते काही बोललेले नाहीत. आज शनिवार.

आधीची अकरा प्रकरणं आईनं लिहून घेतली. सातवी शिकलेल्या आणि जन्मभर यंत्रमागांसाठी कांड्यांवर सूत भरत आलेल्या आईनं. संयोगिता सांगायची, आई पेन्सिलनं उतरवायची, आणि उतरवायची म्हणजे कानावर पडेल ते सगळं. तिसऱ्या वहीत अजून तसंच आहे: 'दगडफूल ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे गॅस बारीक कर आण्णांचा चष्मा बघितलास का.' संयोगिता चिडली की आई म्हणायची, "तू बोललीस, मी लिवलं. मनातलं मला दिसत न्हाई."

आता ते काम मोबाइल करतो. बोललेलं टिपून घेणारं ॲप त्यात आहे. अडचण आहे ती आण्णांची. आण्णा इचलकरंजीत मागांवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारे. चोवीस मागांच्या खडखडाटात कुठल्याही कोपऱ्यातून हाक आली की तिकडं पळत ते म्हणायचे, "आलो." दीड वर्षापूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि तेवढा एक शब्द उरला. तहान लागली तरी आलो, दुखलं तरी आलो. संयोगिता मोबाइलला वाक्य सांगू लागली की त्यांना वाटतं, आपल्यालाच हाक मारली.

ती कॉटशेजारी चटईवर आडवी होते, गजर लावते, ॲप चालू करून मोबाइल उशाशी ठेवते.

"दगडफुलात बुरशी घर देते," ती सांगते.

"आलो," आण्णा म्हणतात.

"तुम्हाला नाही वो आण्णा. शैवाल अन्न देतं."

"आलो."

"तुम्ही बसा. कुठं जायचं नाही आपल्याला."

त्यांची मान कलायची ती वाट बघते. भिंतीपलीकडचे माग एका लयीत चाललेत. मान आधी कुणाची कलते, ते तिला कळत नाही.

आई कांड्या भरायच्या मशीनपाशी बसलीय. मशीन स्वयंपाकघरात आहे, कट्ट्याला लागून, जिथं ते कधीच नव्हतं. आईच्या मांडीवर वही आहे. ही आठवी.

"सांग की," आई म्हणते. "कवाधरनं बसलीय मी."

"तू कशी आलीस?"

"कशी म्हंजे? चालत. मेल्यावर तरी निवांत बसाय मिळंल म्हटलं, तर हितंबी वहीच." पेन्सिलीचं टोक ती जिभेला लावते. "हात बघू तुझा."

आई मनगट धरून दाबते. संयोगिताची बोटं एकेक करून उघडतात. ती मोजते. पाचही सरळ आहेत, आणि दुखत एकही नाही.

मग ती सांगू लागते. वाक्यामागून वाक्य येतंय, एकही मागं घ्यावं लागत नाही. आईची पेन्सिल चाललीय, शेजारी कांडी आपोआप भरतेय, पानं उलटताहेत. कुठंतरी कुकरची शिट्टी होते.

"दोन चाळीस झाले काय गं?"

"हूं दे शिट्ट्या. डाळ कच्ची हाय अजून. तू सांग."

संयोगिता पाच शिट्ट्या मोजते. सहावी होते की पाचवीच लांबते, हे तिला ठरवता येत नाही. तिची मोजणी कधी चुकत नाही.

"हे काय सांगितलंस?" आई मधेच थांबते. "कोण कुणाला सांभाळतंय?"

"ते नक्की नाही. काही जण म्हणतात, बुरशी आणि शैवाल एकमेकांना सांभाळतात. काही म्हणतात, बुरशीनं शैवालाला डांबून ठेवलंय."

"आणि शैवाल काय म्हणतंय?"

"त्याला विचारता येत नाही, आई."

"मग निम्मंच पुस्तक लिवलंस की."

"दाखवते तुला," म्हणून संयोगिता मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल उचलते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. ओटा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला आहे, काळ्या फरशीचा, नळ गळणारा. ती भिंगाला डोळा लावते. खाली माग दिसताहेत, ओळीनं, चोवीस. त्यांच्यामधून आण्णा पळताहेत, तिळाएवढे, दोन्ही हात हलवत. या कोपऱ्यातून हाक येते, तिकडं जातात. तिथं पोचायच्या आत दुसरीकडून येते.

आई तिला बाजूला सारून बघते. बराच वेळ बघते.

"दमलाय गं ह्यो माणूस."

"हो."

"तूबी दमलीस." आई डोळा भिंगावरून काढत नाही. "एक काम करू काय? ह्यांना मी घेऊन जाते. तुझं पुस्तक हुईल."

जाता जाता दळण घेऊन जाते म्हणावं, तशी ती म्हणते.

संयोगिताला प्रश्न नीट ऐकू आलाय. उत्तर दोन अक्षरांचं आहे, तेही तिला माहीत आहे. ते तोंडात नाही. काचपट्ट्यांच्या पेटीत एक खाच रिकामी सापडावी, तशी ती जागा रिकामी आहे. नळ गळतोय. सोमवार, मंगळवार, त्याच्या पुढचे सगळे वार तिला एका ओळीत दिसतात, आणि प्रत्येकाला एकेक दोन चाळीस आहे.

"बोल बाई," आई म्हणते. "बोलशील ते लिवणार."

संयोगिता काही बोलत नाही. तिला तरी तसंच वाटतं. पण आईची पेन्सिल हलते, थोडीच. काय लिहिलं ते बघायला ती वाकते, तर पानावरच्या ओळी सुताच्या आहेत आणि पान मागावर ताणलेलं आहे. आई वही मिटते. भिंगावर वाकून, जेवायला बोलवायची त्याच आवाजात हाक मारते.

"अहो, चला."

खालून, मागांच्या आवाजातून, उत्तर येतं.

"आलो."

चार वाजून पंचवीस मिनिटं झालीत. गजर वाजून वाजून कधीच बंद पडलाय. आण्णा उशांवरून खाली घसरलेत, मान वाकडी, डावी मूठ चादरीत आवळलेली. डोळे उघडे आहेत आणि ते तिच्याकडं बघताहेत. ती आधी त्यांच्या छातीवर तळवा ठेवते आणि घड्याळाकडं बघत मिनिटभर श्वास मोजते. बावीस.

मग मोबाइल. ॲप चालूच राहिलंय. वर तिची पाच वाक्यं आहेत, मधेमधे आण्णांचे शब्द. त्याखाली 'आलो' आहे, आणि त्याखालीही 'आलो'. ती बोटाचं पेर सरकवत मोजत जाते. एकशे सदतीस. तिनं आईला सांगितलेली पानं त्यात कुठंच नाहीत. फक्त चौऱ्याण्णवाव्या आणि पंचाण्णवाव्याच्या मधे वेगळे दोन शब्द आहेत: 'घेऊन जा'.

आण्णांना एकच शब्द येतो. खोलीत माणसं दोन. हे शब्द कुणाचे, हे काढायला फार विचार लागत नाही.

पुसायचं चिन्ह पडद्याच्या कोपऱ्यात आहे. बोटं पुन्हा वाकलेली आहेत. ती मोबाइल उपडा ठेवते.

"चुकलं माझं, आण्णा."

"आलो," ते म्हणतात. आवाज बसलाय.

ती चादर मनगटांना गुंडाळते, कोपरं गादीवर रोवते आणि ओढते. आज एकोणीस मिनिटं लागतात. त्यांना कुशीवर घेऊन पाठीमागं दोन उशा लावते, गुडघ्यांमधे एक. सदरा वर करते. डागावर अंगठा दाबते, उचलते. लाल ते लालच राहतं.

ती पट्टी घेते.

आडवा तीन पूर्णांक चार सेंटीमीटर, उभा दोन पूर्णांक सहा.