आर्लीनच्या बांधावरचा फोन

आर्लीन ग्रॉफ कोर्टात जायचं म्हणाली, तेव्हा तिला वेड्यात काढणाऱ्यांत मी पहिला होतो. आम्ही दोघंही आमिश लोकांचे ड्रायव्हर. आमिश म्हणजे जुन्या चालीने राहणारे ख्रिस्ती शेतकरी. आमच्या लँकेस्टरच्या आमिशांना धर्माने मोटार ठेवायची नाही, पण दवाखाना, लांबची लग्नं, मयत ही अंतरं घोडागाडीला झेपत नाहीत. मग आमच्या व्हॅन लागतात. मी हे काम पोटासाठी करतो. आर्लीन सदुसष्टाव्या वर्षी कंबरेला पट्टा बांधून ते घरचं कार्य असल्यासारखं करते, आणि वर मलाच आळशी म्हणते.

आमिशांच्या घरात फोन चालत नाही. म्हणून आर्लीनच्या शेताच्या बांधावर एक लाकडी खोपटं आहे, मोरीएवढं. आत फोन, निरोप टिपून ठेवणारं यंत्र आणि एक वही. पाच घरं तो फोन वापरतात. कोण किती वेळ बोललं ते ज्याचं त्याने वहीत लिहायचं. फोन आर्लीनच्या नावावर, कारण त्यांच्या पंथाच्या बिशपनी तेवढ्यालाच मान डोलावली होती. या पाचांतलं एक घर मलिंडा बायलरचं. मलिंडा सुईण. आसपासच्या बाळंतिणींचे निरोप त्याच यंत्रावर यायचे आणि मलिंडा हातातलं काम टाकून दर तासाला ऐकून जायची.

मग ते कॉल सुरू झाले. पलीकडे माणूस नाही, रेकॉर्ड केलेली बाई: तुमच्या मोटारीची वॉरंटी संपत आली आहे. ज्यांच्या दारात मोटार नाही अशा पाच घरांना ती हे दिवसातून कितीदा तरी सांगायची. आम्ही हसायचो. घोडीची वॉरंटी कधी संपते, असं मी मलिंडाच्या नवऱ्याला विचारलंही होतं.

फेब्रुवारीत माझा विनोद माझ्याच घशात अडकला. बेन्युएल झूकच्या बायकोला भर दुपारी कळा सुरू झाल्या. त्याने त्यांच्याकडच्या खोपटातून तीनदा फोन केला, पण थोडेच निरोप मावणारं इकडचं यंत्र तासाभरात वॉरंटीच्या निरोपांनी गच्च भरलेलं. त्याचा निरोप घेतलाच गेला नाही. बाळ बापाच्याच हातात आलं. आईचं रक्त थांबेना. ती वाचली, पण इस्पितळातून घरी यायला तिला तीन आठवडे लागले.

आमिश कोर्टाची पायरी चढत नाहीत. आर्लीन दावा लावणार हे कळल्यावर मलिंडा सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आली. मी तिथेच कॉफी पीत होतो.

“आम्ही त्यांना माफ केलंय, आर्लीन,” मलिंडा म्हणाली. “बेन्युएलनेही केलंय.”

“तुम्ही करा की. तुमचा धर्मच आहे तो,” आर्लीन म्हणाली. “पण फोन माझ्या नावावर आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.”

मलिंडा हसली नाही, पण बरणी ठेवून गेली. आर्लीनने त्या पाच घरांकडे एकच गोष्ट मागितली: बाहेर केलेले फोन वहीत लिहिताच, आता त्या कंपनीच्या यंत्राचे आलेलेही लिहा, तारीख-वेळेसकट. खरं ते लिहायला बिशपचीही हरकत नव्हती. चार महिन्यांत बाराशेवर नोंदी झाल्या, सगळ्या शाळेतल्या वळणदार अक्षरात. कंपनीचा पत्ता मात्र कोणी देईना. शेवटी आर्लीन एकदा वॉरंटी घ्यायला तयार झाली आणि कागद टपालाने पाठवा म्हणत तासभर फोनला चिकटून राहिली. पाकिटावर पत्ता आला. माझ्याच्याने हे झालं नसतं.

जूनमध्ये सुनावणी झाली. टपाल कचेरीशेजारचं आमचं छोटं कोर्ट, न्यायाधीश बाई, आणि फिलाडेल्फियाहून आलेला कंपनीचा चकचकीत वकील. परवानगीशिवाय यंत्राने फोन करणं बेकायदा, पण तो म्हणाला, या नंबरवरून आम्हाला फोन करायची परवानगी मिळालेली आहे. आणि त्याने लॅपटॉपवर एक संभाषण लावलं. आवाज कोणाचा ते पहिल्याच शब्दाला कळलं. सिल्वन, मलिंडाचे सासरे, वय एक्याऐंशी. खोपटाजवळून जाताना घंटा ऐकून त्यांनी फोन उचलला असणार.

गाडी पाच वर्षांहून जुनी आहे का, असं पलीकडच्या माणसाने विचारलं होतं. हो, अठ्ठ्याण्णवची आहे, पण चाकं नवी घातलीत, असं सिल्वन सांगत होते. किती चालली? रविवारी प्रार्थनेपुरती, घोडी आता थकलीय. पुन्हा फोन केला तर चालेल का? चालेल की, इथून कोणी ना कोणी जातच असतं.

लोक खो खो हसले. मला हसू येईना. दावा बुडाला होता. पण न्यायाधीश बाईंनी वकिलाला शांतपणे विचारलं, बोलणं रेकॉर्ड होतंय हे या गृहस्थांना सांगितलं होतं का? वकील कागद चाळू लागला. आमच्या राज्यात न सांगता रेकॉर्ड करणं हाच गुन्हा. बाईंनी लॅपटॉप बंद करायला लावला आणि हे मी ऐकलंच नाही असं धरेन म्हणाल्या. मी आर्लीनला कोपर मारलं. जिंकलो होतो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सिल्वन उठले. आर्लीनच्या व्हॅनमधून ते दाताच्या डॉक्टरकडे आले होते आणि परतीची वाट बघत बसले होते. हॅट हातात धरून ते म्हणाले, “आवाज माझा आहे. मी हो म्हणालो होतो.”

मी कपाळावर हात मारला. बाईंनी आर्लीनकडे बघितलं: हे तुमचे साक्षीदार नाहीत, तुमची हरकत आहे का? ती एक शब्द बोलली असती तर काम फत्ते होतं.

“नाही बाई, बोलू द्या त्यांना,” आर्लीन म्हणाली. “अशा माणसांसाठीच मी इथे आलेय.”

सिल्वन पुढे म्हणाले, “तो माणूस आदराने विचारत होता. नको कसं म्हणणार? माझं बोलणं कोणी धरून ठेवतंय हे कळलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण हो म्हणालो ते त्या माणसाला. त्याचा फोन परत कधी आलाच नाही. आले ते यंत्राचेच.”

बाईंनी वही मागवून बराच वेळ वाचली. फोन सिल्वन यांचा नाही, आणि त्यांनी परवानगी दिली ती माणसाला, यंत्राला नव्हे, असा निकाल त्यांनी दिला. सिल्वन खोटं वागून गप्प बसले असते तर हे वाक्य कोणाच्या तोंडून आलं असतं? भरपाई बेन्युएलच्या इस्पितळाच्या बिलात गेली आणि कॉल थांबले.

सिल्वन मात्र मनातून खचले. खोपटाकडे जाईनात, शेताला वळसा घालून जायचे. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मी आर्लीनच्या व्हॅनचं चाक बदलत होतो आणि फोन वाजला. जवळ फक्त सिल्वन, खोपटापलीकडून चाललेले. ते थबकले आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. मलिंडा नुकतीच ऐकून गेली होती. पुन्हा तासाने येणार.

आर्लीन कंबर धरून बांधापर्यंत गेली. “उचला, सिल्वन.”

“नको. मी परत कशाला तरी हो म्हणून बसेन.”

“म्हणा खुशाल. तुम्ही फोन उचलायला घाबरावं म्हणून मी नाही भांडले.”

सिल्वननी विजारीला हात पुसले आणि फोन उचलला. ऐकून घेतलं. “हो,” ते म्हणाले, “हो, पाठवतो तिला.” आधी मलिंडाला हाक मारली, मग वहीत वेळ लिहिली.

शेवटचा नट मी आवळतोय तोवर मलिंडाला पोचवायला आर्लीन गाडीत चढून बसली होती.