लाल ओळीचं पत्र

माणसं विम्याची पत्रं उघडत नाहीत, हे एलुनेड प्रॉसरला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा बाप ग्विलिम पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झाला तेव्हापासून त्यानं एकही उघडलं नव्हतं. "कंपनीनं आठवण काढली म्हणजे तिला पैसे हवेत, पोरी," म्हणायचा, आणि लिफाफा घड्याळामागे खोचायचा.

कार्डिफच्या ग्राहक-संरक्षण कार्यालयात एलुनेडचं कामच ते होतं: कसं लिहिलं तर लोक वाचतील, हे शोधायचं. त्या वर्षी प्रश्न जुन्या आयुर्विम्यांचा होता. सत्तरी ओलांडलेल्यानं 'चालू ठेवा' असं मुदतीत कळवलं नाही, तर विमा बंद. कंपनीच्या जाडजूड पत्रात ही गोष्ट कुठल्या कुठे दडलेली. एलुनेडनं एका पानाचं पत्र तयार केलं, लिफाफ्यावरच लाल ओळ: उत्तर द्या, नाहीतर विमा जाईल. पण चाचणी म्हणजे चाचणी. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना नवं पत्र, निम्म्यांना जुनंच, आणि बाहेर कुणाला अवाक्षर सांगायचं नाही. मुदत उलटल्यावर राहिलेल्यांना नवं पत्र पाठवून, स्वतःच्या सहीनं विमा पुन्हा सुरू करायची आणखी एक संधी द्यायची, हे मात्र तिनं भांडून मिळवलं होतं.

रविवारी ती आईबापाकडे जेवायला गेली. घड्याळामागे जाड लिफाफा होता. दिव्याखाली अंधार!

"काय गं, भूत बघितलंस?" ग्विलिम म्हणाला. "मटण जरा जास्त शिजलंय, एवढंच."

"नावं ठेवता आणि बशी चाटता," आई म्हणाली.

बाबा, ते उघडा, असं एलुनेडच्या अगदी ओठांवर आलं. ग्विलिमच्या मागे आईला त्या विम्याचाच आधार होता. पण आपल्या बापाला सांगायचं, तर बाकीच्यांच्या बापांनी काय घोडं मारलं होतं? दुसरं पत्र येईलच, असं स्वतःला समजावून तिनं घास गिळला. असल्या सचोटीची मला तर चीडच येते.

मुदत उलटली. त्याच आठवड्यात ग्विलिम बागेत कोसळला तो उठलाच नाही.

दफनानंतर नवं पत्र आलं. आईनं दारातच फोडलं.

"बघ, किती सोपं लिहिलंय. लिहिणाऱ्याचं भलं होवो. हेच आधी धाडलं असतं, तर ह्यांनीसुद्धा उघडलं असतं गं." तिनं पत्र पुढं केलं. "तुला कळतं ना त्यातलं? आता कळवलं तर चालेल?"

"नाही, आई," एलुनेड म्हणाली.