सहाच्या आत चालणारा कंपायलर

तो माणूस मला आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वय झालं आणि माझा राग निवळला असं कुणाला तरी वाटायचं. तोंडावर मी त्याला सर म्हणत असे. इथे म्हणणार नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी संगमनेरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि तो आमचा विभागप्रमुख होता. प्रवरेकाठी बागायत, दारात ट्रॅक्टर, आणि इंग्रजी उत्तम येत असूनही बोलणं मुद्दाम गावाकडचं. मी रुजू झाले त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये, मला ऐकू जाईल अशा बेताने, त्याने खिडकीकडे बघत एक वाक्य टाकलं.

"राखीव जागेवर नोकरी मिळती. डोकं मिळत न्हाई."

बाकीचे चहा ढवळत राहिले. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात मान खाली घालून ऐकून घ्यायची पद्धत नाही. तरी त्या दिवशी मी नुसती उठले. कप धुतला आणि तासाला गेले. याला उत्तर पीएच.डी.ने द्यायचं, असं मी त्या नळापाशी ठरवलं. नोंदणी केली, दोन उन्हाळे पारनेरच्या बाजूला एसटीने हिंडून विहिरींचं पाणी मोजलं, आणि त्यावरून एक प्रोग्राम लिहिला. त्या खडकात पाऊस कसा मुरतो आणि विहिरीला कधी लागतो, हे तो प्रोग्राम पंधरा वर्षांचा एकेक दिवस घेऊन मोजत जायचा. विभागात एकच बऱ्यापैकी मशीन होतं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी त्यावर लिनक्स चढवलं होतं.

प्रोग्राम पुरा चालायला हिशेबाने साडेअकरा तास लागणार होते. लॅब सकाळी नऊला उघडायची आणि संध्याकाळी सहाला तो स्वतः येऊन मेन स्विच पाडायचा. कधीकाळी शॉर्टसर्किट झालं होतं म्हणे. रात्रभर मशीन चालू ठेवायची परवानगी मी दोनदा लेखी मागितली. दोन्ही अर्ज 'नियम सर्वांना सारखा' एवढा शेरा मारून परत आले. हा नियम माझ्यासाठीच आहे, अशी माझी खात्री होती. अजूनही आहे.

मग मी कंपायलरच्या मागे लागले. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल अशा रूपात उतरवून देण्याचं काम कंपायलर करतो. तोच प्रोग्राम एका कंपायलरने उतरवला तर रेंगाळतो, दुसऱ्याने उतरवला तर पळतो. मला नऊ तासांच्या आत पळणारा हवा होता. सीडीवरचा फुकटचा कंपायलर, सगळ्या खटपटी करून, साडेनऊच्या खाली येईना. त्याचीच एक सुधारलेली आवृत्ती पुण्याच्या एका मित्राने फ्लॉपीवर पाठवली. एक दिवस नशिबाने वीज टिकली, तिने पावणेनऊ तासांत काम उरकलं आणि मी लॅबमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. मग आकडे पाहिले. विहिरींत पाणी जमिनीच्या दीड फूट वर उभं होतं. घाईघाईत तिने माझी बेरीजच बिघडवली होती. असल्या वेगाला काय जाळायचंय?

शिवाय दुपारी वीज जायचीच. मशीनला जोडलेल्या बॅटरीत दहा मिनिटांचाही जीव नव्हता. वीज गेली की पडदा काळा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पावसापासून सुरुवात. नोंदणीची मुदत मार्चअखेर संपत होती. ती गेली असती तर सगळं नव्याने करावं लागलं असतं, आणि त्या खिडकीकडे बघणाऱ्या माणसाचं वाक्य खरं ठरलं असतं. दुसरी गोष्टच मला जास्त बोचत होती. मार्गदर्शकांना मी यातलं काहीच कळवलं नव्हतं. अडचण सांगायची म्हणजे कमी पडले असं कबूल करायचं, असं तेव्हा वाटायचं.

जानेवारीत एकदा दुपार कलल्यावर वीज गेली. मी काळ्या पडद्यापुढे बसले होते आणि तो दारात येऊन उभा राहिला. किती झालं होतं, असं त्याने विचारलं. दहा वर्षांचा पाऊस झाला होता, पाच वर्षांचा राहिला होता, असं मी सांगितलं. उद्या काय करणार? उद्या पुन्हा पहिल्यापासून, मी म्हणाले. तो हसला. ते हसणं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"मॅडम, आमी उसाला पानी देतो. धाव्या सरीला लाईट गेली, तर तिथं दगड ठेवतो आन् उद्या धाव्यापासून देतो. पुन्हा पहिल्या सरीला कोन जातंय? तुमच्या मशीनला दगड ठेवता येत न्हाई व्हय?"

मी लगेच म्हणाले, "ते इतकं सोपं नसतं, सर."

इतकंच सोपं होतं. तो वळण्याच्या आत मला ते कळलं होतं. ठरावीक दिवसांनी प्रोग्रामने त्या क्षणाचं सगळं गणित डिस्कवर लिहून ठेवायचं आणि पुन्हा सुरू झाल्यावर तिथून उचलायचं. अर्ध्या तासाचं काम. दोन वर्षांत मला ते सुचलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात एकच चित्र होतं: सहाच्या आत काम संपलंय, तो स्विच पाडायला आलाय, आणि मी छापलेला कागद त्याच्या हातात देतेय. उद्यावर ढकललेलं काम त्या चित्रात बसतच नव्हतं.

आणि मी ते केलं नाही. त्याच्या तोंडून आलं म्हणून केलं नाही. उलट परदेशातल्या एका महागड्या कंपायलरची तीस दिवस वापरून बघायची प्रत मिळवली. तो खरोखर भारी होता. हिशेबाने साडेसात तास, आणि तपासायला चालवलेल्या छोट्या उदाहरणांचे आकडे चोख. पण त्या तीस दिवसांत नऊ ते सहा अखंड वीज दोनच दिवस होती. एक रविवार, तेव्हा लॅबला कुलूप. दुसरा मतदानाचा दिवस. त्या दिवशी वीज जात नाही, एवढी अक्कल वरच्यांना असते. पण माझ्या लॅबमध्ये मतदान केंद्र होतं आणि मी निवडणुकीच्या ड्यूटीवर तिसऱ्याच गावात बोटांना शाई लावत होते. एकतिसाव्या दिवशी कंपायलरने मुदत संपल्याचं नम्रपणे कळवलं.

फेब्रुवारी सरत आला होता. मी दार लावून घेतलं आणि त्या अकरा ओळी लिहिल्या. गणित ज्या फाईलमध्ये साठवायचं, तिला बोटांनी आपसूक 'दगड' असं नाव दिलं. मी ते पुसून दुसरं घातलं. सीडीवरचा तोच फुकटचा, रेंगाळणारा कंपायलर घेतला. पहिल्या दिवशी सात वर्षांचा पाऊस झाला आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी वीज तासन्‌तास येत-जात राहिली, तेरापर्यंत पोचले आणि सहा वाजले. तो आला, स्विच पाडला, मी पर्स उचलून निघाले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी काम संपलं. विहिरींतलं पाणी मी मोजलं होतं तिथेच होतं. आनंद झाला नाही. चोरी केल्यासारखं वाटलं.

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव 'कंपायलरची निवड'. बावीस पानं, वेळांचे तक्ते, आलेख. ते वाचणाऱ्याला वाटावं की हे काम योग्य कंपायलर निवडल्यामुळे पुरं झालं. त्या अकरा ओळींबद्दल एक शब्द नाही. आभाराच्या पानावर मार्गदर्शक आहेत, वडील आहेत, फ्लॉपी पाठवणारा मित्र आहे, लॅबचा शिपाई आहे, आणि ज्यांना मी कधी पाहिलं नाही असे, फुकट कंपायलर लिहिणारे परदेशातले लोकही आहेत.

बांधलेली प्रत स्टाफरूममध्ये ठेवली तेव्हा त्याने तिसरं प्रकरण उघडलं आणि सावकाश वाचलं. मग आभाराचं पान, त्यावर बोट फिरवत. मी भांडायला तयार बसले होते.

"कंपायलर चांगला निघाला म्हनायचा," तो म्हणाला.

मी हो म्हणाले. त्याने प्रत नीट मिटून ठेवली. निवृत्त होईपर्यंत त्याने त्यावर अवाक्षर काढलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी त्याचं ते पहिलं वाक्य सगळ्यांदेखत त्याच्या पदरात घातलं असतं. तेही त्याने कधी मागे घेतलं नाही.

पुढे माझ्याकडे पीएच.डी.ला आलेल्या एका मुलीचा प्रोग्राम असाच रोज अर्ध्यात मरायचा. कोणता कंपायलर घेऊ, असं विचारत ती आली. कंपायलर राहू दे, मी म्हणाले, जिथे थांबशील तिथे खूण ठेव. तिने विचारलं, मॅडम, हे तुम्हाला कसं सुचलं?

सुचलं, मी म्हणाले.

राखीव जागेचं वाक्य मी त्याच्या नावागावासकट शंभर जणांना सांगितलंय. सरीचं वाक्य आज पहिल्यांदा सांगतेय, आणि नाव घातलेलं नाही.